कुटुंब आणि आठवण: फोटोंच्या गोष्टीची मांडणी जमत नाहीये (आणि ९ फोटोंना कात्री लागलेली आहे)

अर्धवट_अल्बम:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदा स्वतःचा धागा काढतोय, लांबलाय त्याबद्दल आधीच सॉरी.

फोटोग्राफीचा कोर्स करतोय, शेवटचा प्रोजेक्ट आहे फोटोंची गोष्ट, विषय 'कुटुंब आणि आठवण', साइज ए५, कव्हर धरून २४ पानं, मधे पिन मारलेली पुस्तिका. नवीन फोटो काढले तरी चालतात, जुने वापरले तरी चालतात. मी जुने घेतले कारण घरात पत्र्याचे दोन डबे भरून पडलेत, मोजले तर ३४० निघाले. त्यातले ६० निवडले आणि सरळ सालाप्रमाणे लावले, आजी-आजोबा तरुण, मग बाबा आणि आत्या लहान, मग शाळा, नोकरी, लग्न, मग मी. सरांनी पानं उलटली, बंद केलं आणि म्हणाले छान अल्बम आहे, गोष्ट कुठाय. तेव्हापासून दोन आठवडे मी फोटो नुसते इकडचे तिकडे करतोय, कधी मोठे कधी छोटे, काही केलं तरी अल्बमच.

आता खरी गोची. या डब्यांत ९ फोटो असे आहेत की त्यातून आत्याला कापून काढलंय. कात्रीने. माझ्या जन्माच्या आधी घरात मोठं भांडण झालं होतं, तेव्हा आजीने कापले असं मी लहानपणापासून ऐकत आलोय. आजी आता नाही. आत्या आहे, येणं-जाणं आहे, पण या विषयावर कुणी बोलत नाही. मी त्यातले ३ फोटो सॉफ्टवेअरमधे भरून काढले, मागची भिंत वगैरे एआयने लावून दिली, दिसतं एकदम स्वच्छ पण बघताना काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. उरलेले ६ तसेच करू, क्रॉप करू, का घेऊच नको? आणि एका पानावर किती फोटो टाकायचे, फोटोखाली लिहायचं का, हेही कुणी सांगा. डोकं चालेनासं झालंय.

टाचणी:
आधी स्क्रीन बंद कर. १०० फोटोंचे पत्त्यांएवढे साधे प्रिंट काढ, रंग कसेही आले तरी चालतील, आणि जमिनीवर पसर. कॉम्प्युटरवर एका वेळी एकच फोटो धड दिसतो आणि सगळे एकदम दिसतात तेव्हा ते मुंगीएवढे असतात, म्हणून माणूस आपोआप तारखेचा आधार घेतो. जमिनीवर वेगळंच दिसायला लागतं, चार फोटोंत सगळ्यांचे हात सारखेच बांधलेले आहेत, एकच खुर्ची वीस वर्षं येतेय, असलं काहीतरी. (पसरलेलं असताना खोलीचं दार बंद ठेव, आमच्या मांजराने माझ्या अख्ख्या मधल्या भागाची फेररचना केली होती, त्यातली एक जोडी मी खरंच ठेवली ही गोष्ट वेगळी.)

दुसरं, २४ पानं मोजू नकोस. पान १ पुढचं कव्हर, पान २४ मागचं, राहिली २२, म्हणजे ११ स्प्रेड (समोरासमोरची दोन पानं). वाचणाऱ्याच्या डोळ्यासमोर एका वेळी उघडलेली जोडी येते, सुटं पान नाही. ११ जोड्यांत ६० फोटो कोंबले की प्रत्येक जोडीत पाच-सहा, अल्बम होणार नाही तर काय होणार! विसाच्या खाली ये. फोटोग्राफर रॉबर्ट फ्रँकने १९५५ ते ५७ मधे अमेरिकाभर फिरून २७ हजारांच्या वर फ्रेम काढल्या आणि पुस्तकात घेतले ८३. तुला ३४० मधून २० काढायचेत, रडू नकोस.

आणि डावं-उजवं नीट वापर. दोन फोटो शेजारी आले की बघणारा आपोआप नातं लावतो, तू सांगितलंस तरी आणि नाही सांगितलंस तरी. डावीकडे गर्दीचा ग्रुप फोटो पानभर, उजवीकडे अख्खं पान पांढरं आणि कोपऱ्यात आगपेटीएवढा एक फोटो, एवढ्यानेच किती काही होतं बघ. सगळ्या पानांना एकच ग्रिड, म्हणजे फोटो बसवायची ठरीव चौकट, लावलास तर हे होणार नाही, आणि प्रत्येक पान वेगळं केलंस तर जाहिरातीच्या पत्रकासारखं दिसेल. दोन-तीन साइज ठरव, त्याच परत परत वापर.

मधलं स्प्रेड, १२-१३, तेवढं एक जपून ठेव. पिन बाइंडिंगमधे तो एकच सलग कागद असतो, बाकी प्रत्येक स्प्रेडची डावी-उजवी पानं वेगवेगळ्या कागदांवर छापलेली असतात त्यामुळे दोन पानांवर पसरलेला फोटो मधे थोडा वरखाली होऊ शकतो. सगळ्यात मोठा आडवा फोटो तिथेच जाऊ दे, आणि मधोमध कुणाचा चेहरा येत नाही ना ते बघ, नाहीतर पिन सरळ नाकात.

कात्रीच्या फोटोंबद्दल मला काय बोलावं सुचत नाहीये, बाकीचे सांगतील.

जुना_रोल:
मी सांगतो. ते जे ३ फोटो तुम्ही भरून काढलेत ते आधी पूर्ववत करा.

चिडून नाही म्हणत. मी पंचवीसेक वर्षं लोकांचे जुने फोटो दुरुस्त करून देतोय, हेच माझं काम आहे, आणि फाटलेला फोटो जोडणं, डाग काढणं याला माझी काही हरकत नाही. पण फाटणं हा अपघात असतो आणि कापणं तसं नसतं. जरा ते फोटो हातात घेऊन कडेने बघा. ज्याला राग आलाय तो माणूस फोटो फाडून टाकतो, चूल किंवा कचरा, विषय संपला. इथे कुणीतरी बसून कात्री चालवली, शेजारच्या माणसाच्या खांद्याच्या कडेने, बहुतेक लहान कात्री असणार कारण मोठीने वळण जमत नाही, आणि उरलेला फोटो परत डब्यात ठेवला. फोटो हवा होता. माणूस नको होता. तुमच्या ३४० मधे एवढं मन लावून हात फिरवलेले दुसरे फोटो सापडणार नाहीत, आणि तुम्ही नेमकी तिथेच खोटी भिंत लावताय.

आणि हमखास काहीतरी उरलेलं असतं. खांद्यावरची बोटं, पदराचं टोक, जमिनीवरची सावली. ते शोधा. कापणाऱ्याला चेहरा काढायचा असतो, बोटं राहून जातात.

आता स्कॅनिंग, कारण इथेच बहुतेक जण माती करतात. मोबाइलने काढू नका, फ्लॅटबेड, म्हणजे सपाट काचेचा झाकणवाला, स्कॅनर मिळवा. झाकणाच्या आतली बाजू पांढरी असते, कापलेल्या जागेतून तीच पांढरी दिसणार, आणि पांढऱ्या पानावर छापलं की भोक गायब, नुसता विचित्र आकाराचा फोटो वाटणार. म्हणून मागे मध्यम करडा कागद ठेवा. मग कापलेली कड दिसते, कागदाची जाडी दिसते, बारीक सावलीसुद्धा येते. फोटोच्या चारही बाजूंनी थोडी जागा सोडून स्कॅन करा, कडेला चिकटून क्रॉप नको, म्हणजे बघणाऱ्याला कळतं की ही एक वस्तू आहे. मागची बाजूही स्कॅन करा, सगळ्यांची, कोरी असली तरी.

रेझोल्यूशनचं गणित सोपं आहे. ए५ पानभर फोटोला इंचाला ३०० पिक्सेलच्या हिशोबाने साधारण १७५० बाय २४८० पिक्सेल लागतात, ब्लीडचे (कटिंगसाठी पानाच्या कडेबाहेर जास्तीचं छापतात ते) वरती. ४ बाय ६ इंचाचा प्रिंट ६०० ला स्कॅन केलात तर २४०० बाय ३६०० मिळतात, आरामात पुरतं. छोटे प्रिंट, दोन-अडीच इंचवाले, १२०० ला करा. फाइल टिफमधे ठेवा, त्यात बारकावे जात नाहीत. खडबडीत जाळीदार कागदाचे फोटो असतील तर त्यावर चमक येते, एकदा सरळ आणि एकदा १८० अंशात फिरवून स्कॅन करा आणि दोन्ही एकावर एक जुळवा, चमक बरीच मरते.

रंग उडालेत म्हणून सगळे ब्लॅक अँड व्हाइट करायचा मोह होईल, करू नका. जुने रंगीत प्रिंट लालसर होतात कारण बऱ्याच जुन्या कागदांत निळसर सायन रंग सगळ्यात आधी उडायचा, डब्यात अंधारात ठेवले तरी उडायचा. तो लालपणा म्हणजे फोटोचं वय आहे. काळं-पांढरं नीट बसवा, चेहरे दिसू देत, तेवढं पुरे.

खिडकीजवळ:
सगळं पटलं, तरी जरा थांबा.

आत्या जिवंत आहेत ना? मग त्यांना विचारलंत का हा पहिला प्रश्न आहे, लेआउट नंतर. कोर्सचा प्रोजेक्ट असला तरी तो वर्गात फिरणार, प्रदर्शनात लागणार, कुणीतरी मोबाइलवर काढून पुढे पाठवणार. त्या बाईला एकदा न विचारता घरातून कापून काढलं, आता न विचारता तेच भोक पानभर छापायचं? मला नाही झेपलं. जुना_रोल, तुमचं लिहिणं सुंदर आहे पण तुम्ही वस्तूबद्दल बोलताय आणि ती वस्तू एका माणसाची आहे.

दुसरं म्हणजे आजीने कापले हे कुणी पाहिलंय? तुमचा जन्मही झाला नव्हता. घराघरांत अशा गोष्टी तयार होतात आणि गेलेल्या माणसाच्या नावावर खपवायला सोप्या पडतात, ती उठून नाही म्हणणार नसते. जुन्या फोटोंतले चेहरे लोक भलत्याच कारणांनी पण कापायचे, फॉर्मला लावायला सुटा फोटो नाही तर ग्रुप फोटोतला चेहरा काप, फ्रेममधे बसत नाही तर काप. माझ्या आईचा तिच्या लहानपणचा एकमेव फोटो असाच चौकोनी कापलेला आहे, का ते आता कुणालाच आठवत नाही. तुमच्या ९ मधे कापण्याचे आकार सारखे आहेत का बघा. चौकोन आणि माणसाच्या कडेने फिरलेली कात्री, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अर्धवट_अल्बम:
बापरे. आत्ताच डबा काढून बसलोय.

७ मधे माणसाच्या कडेने कापलंय आणि २ मधे चक्क छोटा चौकोन आहे, पट्टीने आखल्यासारखा, मी आजवर सगळे एकच धरत होतो!! आणि बोटं आहेत. एका फोटोत आजीच्या खांद्यावर चार बोटं, आणि एकात बाबांच्या हातात कुणाचा तरी हात मनगटापर्यंत. दहा वेळा तरी पाहिला असेल हा फोटो, दिसलं नव्हतं. भरून काढलेल्यांत तर ती चार बोटं मी स्वतःच पुसलीत, डाग समजून. परत करतोय ते.

आत्याला विचारायचं म्हणजे आधी बाबांशी बोलावं लागेल. बघतो.

शाईडाग:
उशिरा आलो. माझा धंदा छपाईचा, त्यामुळे फिलॉसॉफी नाही, कामाचं बोलतो.

मजकूर. फोटोत जे दिसतंय ते खाली लिहू नका. 'बाबा सायकलवर' असं सायकलवर बसलेल्या बाबांच्या खाली लिहिलं की वाचणारा ते वाचतो आणि फोटो न बघता पान उलटतो. एकतर काहीच लिहू नका आणि सगळी नावं-सालं शेवटच्या पानावर बारीक यादीत द्या, किंवा जे दिसत नाही ते लिहा. फोटोच्या मागे कुणी काही खरडलंय का? ते त्याच अक्षरात छापा, र्‍हस्व-दीर्घ चुकलं असलं तरी दुरुस्त न करता. आणि एकाच फोटोबद्दल घरातली दोन माणसं वेगळं सांगत असतील (सांगतातच) तर दोन्ही छापा, एकाखाली एक, कोण बरोबर ते ठरवायच्या भानगडीत पडू नका. आठवण हा विषय आहे म्हणता ना, मग हाच माल आहे.

देवनागरी ९ पॉइंटला ठेवलीत तर ओळीतलं अंतर १४ तरी द्या, वरच्या मात्रा आणि खालचे उकार एकमेकांत घुसतात, इंग्रजीचं सेटिंग जसंच्या तसं ठेवू नका. काळ्या पानावर पांढरी बारीक अक्षरं नकोच, शाई पसरते आणि बारीक रेघा बुजतात.

कागद. जुन्या फोटोंना चकचकीत आर्ट पेपर लावून लोक मासिक करून टाकतात. मॅपलिथोसारखा अनकोटेड, म्हणजे वर चकचकीत थर नसलेला, घ्या, हाताला बरा लागतो, पण एक लक्षात ठेवा, तो शाई पितो, गडद भाग अजून गडद होतात, काळ्या केसांचं आणि काळ्या कोटाचं एकच ढेकूळ होतं. फाइल देताना गडद भाग थोडे उजळा आणि एक पान तरी त्याच कागदावर आधी छापून बघा. ब्लीड चारही बाजूंनी ३ मिमी. पिन बाइंडिंगमधे आतली पानं किंचित बाहेर सरकतात आणि कटिंगला त्यांची बाहेरची कड जास्त जाते, म्हणून मधल्या पानांवर कडेला चिकटून महत्त्वाचं काही ठेवू नका. यावरून एका गिऱ्हाइकाने माझ्याशी भांडण केलंय, त्याच्या काकांचे पाय गेले होते.

आणि डमी करा हो, डमी! सहा कागद मधे दुमडले की २४ पानं होतात. छोटे प्रिंट गोंदाने चिकटवा, ज्याला काहीच माहीत नाही अशा माणसाच्या हातात द्या आणि तोंड बंद ठेवून त्याचा हात कुठे थांबतो ते बघा.

टाचणी:
डमीला +१००. आणि खिडकीजवळला पण +१.

एकच भर घालते, सालाप्रमाणे लावणं हा गुन्हा नाहीये. निकोलस निक्सन या फोटोग्राफरने १९७५ पासून बायको आणि तिच्या तीन बहिणींचा दर वर्षी एक फोटो काढला, चौघी डावीकडून उजवीकडे कायम त्याच क्रमाने उभ्या, याहून सरळ तारीखवार काय असणार, तरी तो अल्बम वाटत नाही कारण नियम एकच आहे आणि बाकी सगळं त्या नियमात हळूहळू बदलतं. तुझ्याकडे पण नियम सापडलाय असं वाटतंय मला. फक्त त्या ९ भोवतीच पुस्तक फिरलं तर?

जुना_रोल:
खिडकीजवळ, तुमचं बरोबर आहे. मी आधी विचारा असं म्हणायला हवं होतं, माझ्याकडे लोक फोटो घेऊन येतात तेव्हा त्यातली माणसं बहुतेक गेलेली असतात, त्यामुळे ती सवयच राहिली नाही.

आणि त्या नाही म्हणाल्या तरी पुस्तक अडत नाही. फ्रेंच लेखक रोलां बार्थने फोटोग्राफीवरच्या १९८० च्या पुस्तकात आईच्या लहानपणच्या एका फोटोवर पानंच्या पानं लिहिली आणि तो फोटो छापलाच नाही. बाकीचे फोटो आहेत त्यात, तेवढाच नाही. तुम्हीसुद्धा ते फोटो न छापता फक्त त्यांच्या मागच्या बाजू छापू शकता, कापलेला आकार मागूनही तोच दिसतो, फक्त उलटा, आणि कुणाचाच चेहरा जात नाही.

अर्धवट_अल्बम:
अपडेट. बारा दिवसांनी येतोय, माफ करा, घरात जरा तंग होतं.

बाबांना ९ फोटो टेबलावर मांडून दाखवले. चौकोनवाले दोन बघून लगेच म्हणाले हे तर परीक्षेच्या फॉर्मसाठी, सुटा फोटो नव्हता म्हणून आत्यानेच स्वतः कापले, पट्टी माझीच होती. म्हणजे खिडकीजवळ १००% बरोबर. मग उरलेल्या ७ कडे बराच वेळ बघत बसले. मी म्हटलं आजीने का एवढं केलं, तर म्हणाले, "सगळे आईने नाही कापले." आणि उठून बाहेर गेले. पुढचं मी विचारलं नाही, आणि त्यांनीही अजून सांगितलेलं नाही. ७ नीट बघितले तर ४ मधे कात्री गुळगुळीत फिरलीय आणि ३ मधे धसमुसळी, कडा दातेरी. याचा अर्थ मी लावणार नाहीये, पुस्तकात तर नाहीच.

आत्याला फोन केला. वाटलं होतं चिडेल. तिने आधी विचारलं की फोटो टाकले नाहीत का अजून त्यांनी, तिला वाटत होतं डबेच राहिले नसतील. मग म्हणाली छाप, पण दोन अटी, माझं नाव नको, आणि माझा आत्ताचा फोटो काढून त्या भोकांत बसवायचा शहाणपणा करायचा नाही. (खरं सांगतो, तो शहाणपणा माझ्या डोक्यात होता.) चौकोनांचं सांगितल्यावर हसली, म्हणाली फॉर्म तर भरलाच नाही शेवटी.

तर आता मांडणी अशी: ११ स्प्रेड, १७ फोटो. कापलेले ९ सगळे एकाच साइजमधे, मूळ प्रिंट जेवढा तेवढाच, करड्या कागदासकट, कायम उजव्या पानावर. डावीकडे बहुतेक कोरं, काही ठिकाणी न कापलेला फोटो, आत्या त्यात कुठेच नाही. दोन चौकोनवाले सलग दोन स्प्रेडवर, आणि तिथे डावीकडे बाबांचं वाक्य आणि आत्याचं वाक्य, दोघांचं त्याच गोष्टीबद्दल, जुळत नाही. मधल्या १२-१३ ला मनगटापर्यंतचा हात मोठा करायचा होता पण मोठा केल्यावर फार ओरडतोय असं वाटलं, म्हणून तिथे तो खुर्च्या मांडलेल्या रिकाम्या अंगणाचा आडवा फोटो टाकला, कुणी काढला माहीत नाही, माणूसच नाहीये त्यात.

डमी एका मित्राच्या हातात दिली, तो पान १७ वर थांबला, मागे गेला, परत पुढे आला. काही बोलला नाही, मीही नाही.

सरांनी अजून पाहिलं नाही, शुक्रवारी दाखवायचंय. शाईडाग, करडा मागचा कागद छापताना किंचित हिरवट येतोय, काय करू?

शाईडाग:
करडा चार रंगांत फोडलेला असणार, म्हणून हलतोय. त्या कागदाचा भाग फक्त काळ्या शाईच्या टक्क्यात करून घ्या, ३०-३५ टक्के, फोटो चार रंगांत तसाच राहू दे. मास्क करावं लागेल, म्हणजे सॉफ्टवेअरमधे फोटो आणि मागचा कागद वेगळे करावे लागतील, ९ फोटो आहेत, एक संध्याकाळ जाईल. कापलेल्या कडेवर मास्क जरा सांभाळून, ती सावली खाऊ नका.

खिडकीजवळ:
आत्यांना एक प्रत नेऊन द्या. पोस्टाने नको.

अर्धवट_अल्बम:
हो, स्वतःच जाणार आहे. बाबा म्हणाले मीही येतो, मग म्हणाले बघू.